बंबाच्या मागोमाग

मंगळवार, ४ मार्च

ही डायरी टायरवाला दरवर्षी देतो. आजवर तिच्यात शिकणाऱ्यांच्या वेळा लिहीत आलो. यंदा त्या वेळा ड्रायव्हिंग शाळेचे मालक फोनवरच पाठवतात, म्हणून पानं कोरी राहिली. लेक म्हणाली, "बाबा, बोलत नाहीस तर लिही तरी." आज लिहिण्यासारखं काही घडलं आहे, म्हणून लिहितो.

आज माझी पावती फाडली. इतकी वर्षं लोकांना गाडी शिकवतो आहे, ही पहिलीच. गुन्हा असा की आगीच्या बंबाच्या फार जवळून गाडी चालवली. दीडशे मीटर अंतर ठेवायचं असतं. हे मी प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात सांगतो.

झालं ते असं. ब्रेक तपासायला गाडी गॅरेजमध्ये नेत होतो. एकटाच होतो. पुलावर मागून भोंगा आला. आरसा बघितला, दिवा दिला, कडेला घेतली, थांबलो. सगळं नियमाप्रमाणे. बंब पुढे गेला. मग मीही निघालो, त्याच्या मागोमाग. का, ते सांगता येत नाही. बंबामागे वाट मोकळी असते, म्हणून असेल. गॅरेज पूल उतरल्याबरोबर होतं, ते मागेच राहिलं.

औषधांच्या दुकानाच्या कोपऱ्यावर बंब डावीकडे वळला. उजवीकडे आमची गल्ली आहे. डावीकडे वळला म्हटल्यावर मी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. तिथेच वाहतूक पोलीस बाईंनी मला बाजूला घेतलं. लेकीच्याच वयाची असेल. आधी टपावरची पाटी वाचली, मग मला म्हणाली, "काका, 'सावकाश शिका, सुरक्षित चालवा' हे तुमच्याच गाडीवर लिहिलंय ना?"

मी हो म्हटलं.

"कुठे निघाला होतात?"

"गॅरेजला."

"गॅरेज तर मागे राहिलं."

तिने पावती फाडली, मी सही केली. परत येऊन ब्रेक तपासून घेतले. ब्रेक उत्तम आहेत.


शुक्रवार, ७ मार्च

विशेष काही नाही. सकाळी तीन शिकवण्या झाल्या. नर्सबाई अजून गाडी मागे घेताना डोळे मिटून घेतात. परीक्षेत दोनदा नापास झाल्या त्या त्यामुळेच. मी म्हटलं, "बाई, सुई टोचताना डोळे मिटता का?" म्हणाल्या, "सर, सुई पुढे जाते."

खालच्या मजल्यावरच्या वहिनी वर आल्या होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, दाराला रंग तरी लावून घ्या. कोरं लाकूड फुगेल." सुतार पुन्हा येतो म्हणाला होता, आला नाही. मी त्याला फोन केला नाही. दार उघडतं आणि बंद होतं, एवढं पुरे आहे.

ही जाऊन आता दीड महिना झाला. लोक म्हणतात, रात्री झोप लागत नसेल. मला लागते. जेवणही जातं. टीव्ही लावतो तेव्हा आवाज जरा मोठा ठेवतो, पण काय चाललं आहे ते विचारलं तर सांगता येणार नाही.


बुधवार, १९ मार्च

दुसरी पावती.

या वेळी दुपारची सुट्टी होती. शाळेसमोर गाडीत बसून डबा खात होतो. भोंगा ऐकू आला आणि बंब समोरून गेला. डब्याचं झाकण मांडीवर तसंच राहिलं आणि मी गाडी चालू केली. झाकण नंतर सीटखाली सापडलं.

बंब बाजाराच्या रस्त्याने गेला. माझ्या मागे आणखी दोन मोटारसायकली लागल्या. लोकांना वाटत असेल, या गाडीला परवानगी असेल. सिग्नल लाल होता. बंब गेला, मीही गेलो. मोटारसायकलवाले थांबले. शहाणे म्हणायचे.

औषधांच्या दुकानावरून बंब सरळ गेला. सरळ म्हणजे नदीकडची वस्ती. मी तिथे गाडी उभी केली आणि उरलेला डबा खाल्ला. भूक लागली होती. पाठीमागून हवालदार आला तेव्हा मी हात धूत होतो. त्याने विचारलं, "आग बघायला निघाला होतात का?" मी म्हटलं, आग बघायची मला मुळीच हौस नाही. ते खरं आहे. आग कुठे लागली होती आणि विझली का, हे मी अजून कोणाला विचारलेलं नाही.


गुरुवार, २० मार्च

मालकांनी बोलावलं. पावत्या शाळेच्या पत्त्यावर गेल्या आहेत. मालक माझ्याहून वयाने लहान, पण माणूस जुन्या वळणाचा. खुर्ची दिली, पंखा लावला. मग म्हणाले, "मास्तर, वरातीमागून घोडं ऐकलं होतं. बंबामागून मास्तर पहिल्यांदाच ऐकतोय."

मी हसलो. ते हसले नाहीत.

"तुम्ही नाकासमोर चालणारे. मी नव्या मास्तरांना तुमचं उदाहरण देतो. काय झालंय?"

"काही नाही."

"वहिनींचं..." म्हणून ते थांबले. "त्या दिवशी बंबच आला होता ना तुमच्याकडे?"

मी म्हटलं, त्याचा याच्याशी संबंध नाही. आणि खरोखरच नाही. लोक उगाच दोन गोष्टी एकमेकींना बांधतात. पण त्यांनी विषय काढलाच आहे, तर एकदा लिहून ठेवतो.

जानेवारीतली गोष्ट. नर्सबाईंची शिकवणी चालू होती. पुलावर मागून भोंगा आला तशा त्या घाबरल्या. मी म्हटलं, घाबरायचं काही नाही, आरसा बघा, दिवा द्या, कडेला घ्या, थांबा. त्यांनी अगदी छान घेतली. मी म्हटलं, "शाबास. आता दीडशे मीटर जाऊ द्या, मग निघा." बंब गेला. आम्ही निघालो. त्यानंतर मैदानात गाडी मागे घ्यायचा सराव झाला. त्यांना जमत नव्हतं, म्हणून ठरल्यापेक्षा थोडा जास्त वेळ दिला. शिकवताना फोन बंद ठेवून कप्प्यात टाकायचा, हा माझाच नियम.

बंब आमच्याच घरी गेला होता. ही स्वयंपाकघरात पडली होती, हृदयाचा झटका. गॅसवर दूध होतं, ते करपून खिडकीतून धूर निघाला. खालच्या वहिनींनी तो बघून फोन केला. दार आतून बंद होतं, ते तोडावं लागलं. मागून रुग्णवाहिका आली. मी पोचलो तेव्हा बंब निघून गेला होता आणि वहिनी जिन्यात दाराचे तुकडे गोळा करत होत्या. मी दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

एवढंच. यात माझ्या हातून नियम कुठेही मोडला नाही.

मालकांनी बजावलं, तिसरी पावती आली तर प्रकरण न्यायालयात जातं. परवाना गेला तर त्यांच्या हातात काही राहणार नाही. मी म्हटलं, तिसरी येणार नाही.


बुधवार, २ एप्रिल

तिसरी आली.

गाडी नर्सबाई चालवत होत्या, मी शेजारी होतो. त्या आज चांगल्या चालवत होत्या. पुढच्या आठवड्यात त्यांची परीक्षा. पुलाच्या पुढे भोंगा आला, त्यांनी न सांगता कडेला घेतली. बंब गेला. त्या दीडशे मीटरची वाट बघत थांबल्या.

मी म्हटलं, "चला."

"सर, अजून अंतर..."

"चला म्हणतो ना. सोडू नका त्याला."

माझा आवाज चढला असावा. त्यांनी गाडी काढली. मी वेग वाढवायला सांगत होतो आणि त्या वाढवत होत्या, कारण मास्तर सांगेल ते करायचं हेही मीच शिकवलेलं. बंबाची मागची शिडी मला स्पष्ट दिसत होती. एक फायरमन मागे वळून आम्हाला हाताने 'मागे व्हा' सांगत होता. तेही दिसत होतं. समोरच बघत नर्सबाई म्हणाल्या, "सर, तो तुमच्या घरी चाललेला नाही."

मी म्हटलं, "ते मला माहीत आहे."

तेवढ्यात बंबाने ब्रेक लावला. औषधांच्या दुकानापाशी कोणीतरी हातगाडी आडवी घातली होती. नर्सबाईंनी डोळे मिटले. माझ्या बाजूचा ब्रेक मी दाबला. गाडी फरपटत शिडीच्या अगदी जवळ थांबली. शिडी काचेतून आत आली असती तर त्यांच्याच बाजूने आली असती.

फायरमन उतरला. पिकल्या मिशांचा, पथकाचा प्रमुख असावा. त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला आणि नर्सबाईंना विचारलं, "ताई, लागलं नाही ना?" मग बंब निघून गेला. कुठे वळला ते मी बघितलं नाही. म्हणजे बघायचं राहून गेलं.

नर्सबाई खाली उतरल्या, पदपथावर बसल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "त्या दिवशी मला मागे घेता आली असती ना, तर तुम्ही लवकर सुटला असता. मी रोज तेच बघते, सर. मागे घ्यायला लागले की तेच दिसतं."

हे त्यांच्या मनात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी म्हटलं, तुमचा काही दोष नाही. त्या म्हणाल्या, "मग कोणाचा आहे?" मी म्हटलं, कोणाचाच नाही. त्या रिक्षा करून गेल्या. मी गाडी शाळेत लावली आणि किल्ली मालकांच्या टेबलावर ठेवली.


गुरुवार, ३ एप्रिल

काही नाही. जेवलो.


रविवार, ६ एप्रिल

लेक आली. मालकांनी तिला फोन केला असावा. दारात उभी राहून तिने कोऱ्या लाकडावरून हात फिरवला, मग आत आली. स्वयंपाकघर झाडलं, फ्रिजमधलं जुनं काढून टाकलं. मी बाहेर पेपर वाचत होतो. तेच पान पुन्हा पुन्हा वाचत असेन, कारण ती म्हणाली, "बाबा, ती जाहिरात आहे."

जेवताना तिने सरळ विचारलं. "तू मरायला बघतोयस का?"

मी म्हटलं, छे. मला असं काहीच वाटत नाही.

"मग काय वाटतं?"

मी विचार केला. खरं सांगायचं तर काहीच वाटत नाही. सकाळी उठतो, दाढी करतो, शिकवायला जातो. हातपाय आपापली कामं करतात. भोंगा ऐकू आला की तेवढ्यापुरतं काहीतरी वाटतं. काय, ते नीट सांगता येत नाही. घाई झाल्यासारखं. बंब दुसरीकडे वळला की तेही जातं. तिला एवढंच सांगितलं.

ती ताटाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "आई गेली ती तू थांबलास म्हणून नाही."

"ते मला माहीत आहे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरांनी सांगितलंय," ती म्हणाली, आणि उठून हात धुवायला गेली. नळ बराच वेळ चालू होता.

माझ्याकडे राहायला ये म्हणाली. मी म्हटलं, बघू. बसपर्यंत तिला सोडायला चालत गेलो. बस सुटताना तिने खिडकीतून हात बाहेर काढला. मी म्हटलं, हात आत घे.


बुधवार, १६ एप्रिल

आज सुनावणी होती.

न्यायालयाची खोली छोटी. बाकांवर माझ्यासारखेच लोक. कोणी सिग्नल तोडलेला, कोणी विम्याशिवाय चालवणारा. प्रत्येकाकडे काहीतरी कारण होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा कारकुनाने पत्ता वाचला, मग तिन्ही पावत्या वाचल्या. मॅजिस्ट्रेट बाई चष्म्यावरून बघत होत्या.

"व्यवसाय काय?"

"गाडी शिकवतो."

मागच्या बाकावर कोणीतरी हसलं. बाईंनी तिकडे बघितलं, हसणं थांबलं.

"बंब मागून आला तर काय करायचं, काय शिकवता?"

मी सांगितलं. आरसा, दिवा, कडेला घ्या, थांबा, अंतर जाऊ द्या, मग निघा.

"आणि स्वतः?"

"स्वतः मागे जातो."

"का?"

मी उभा होतो. नर्सबाईही आल्या होत्या, भिंतीपाशी बसल्या होत्या. ड्युटीवरून आल्या असाव्यात, गणवेशातच होत्या. मी म्हटलं, "कुठे जातो ते बघायला."

"बंब कुठेही जाईल. तुम्हाला काय त्याचं?"

"दुसरीकडे वळला की मी थांबतो," मी म्हटलं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मग साक्षीदाराला बोलावलं. तोच, पिकल्या मिशांचा पथकप्रमुख. त्याने २ एप्रिलचं सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. वाढवून नाही, कमी करून नाही. मध्ये एकदा त्याने माझ्याकडे निरखून बघितलं, मग कारकुनाला विचारलं, "पत्ता पुन्हा वाचता का?" कारकुनाने वाचला.

परवाना सहा महिन्यांसाठी गेला. बाई म्हणाल्या, "गाडीत एक जिवंत माणूस बसला होता, हे तुम्ही विसरलात. ते मी विसरू शकत नाही." बरोबर आहे. मालकांनी सांगितलं आहे, सहा महिने वर्गात नियम शिकवा, गाडीचं गाडीवाले बघतील. देवमाणूस.

बाहेर नर्सबाई भेटल्या. गेल्या आठवड्यात परीक्षा पास झाल्या. मी म्हटलं, "मागे घेतली?" म्हणाल्या, "घेतली. डोळे उघडे ठेवून." मी शाबास म्हटलं. त्यांनी माझ्या दंडावर हात ठेवला आणि गेल्या.

पथकप्रमुख जिन्यापाशी उभा होता. टोपी हातात होती. म्हणाला, "साहेब, जानेवारीत त्या पत्त्यावर मीच आलो होतो. दार मी तोडलं."

मी म्हटलं, "चांगलं तोडलं होतं. चौकट शाबूत राहिली."

तो म्हणाला, "तुम्ही कोण ते आज पत्ता ऐकेपर्यंत माहीत नव्हतं. नाहीतर आधीच येऊन गेलो असतो."

"कशाला?"

"घरातल्या बाई बोलल्या होत्या माझ्याशी."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. दवाखान्याच्या कागदावर फक्त 'बेशुद्ध अवस्थेत आणले' असं होतं. मी तेवढंच धरून बसलो होतो. ती एकटी पडली आणि एकटीच गेली, असं. हे मी इथेही कुठे लिहिलं नाही, आत्ता लिहिताना कळतंय.

मी विचारलं, "शुद्धीत होती?"

"होत्या. रुग्णवाहिका यायच्या आधी शुद्ध हरपली, पण आम्ही आत शिरलो तेव्हा होत्या. आवाज अगदी बारीक होता. धूर होता म्हणून मी घाईने आत पाऊल टाकलं, तर जमिनीवरूनच म्हणाल्या, जपून, फरशी आत्ताच पुसलीय, घसराल."

मी भिंतीला टेकलो.

"मी म्हटलं, बाई, आम्हाला सवय आहे. तर म्हणाल्या..." तो जरा हसला, मग हसावं की नाही अशा चेहऱ्याने थांबला. "म्हणाल्या, सवय असणारेच पडतात, असं आमचे हे म्हणतात."

हे वाक्य माझं आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक शिकणाऱ्याला सांगतो, नवशिके पडत नाहीत, सवय असणारेच पडतात. ही माझी नक्कल करायची. पाहुण्यांसमोर मान वर करून, माझ्या आवाजात. मला राग यायचा.

"मग?" मी विचारलं.

"मग मी शेजारी बसलो, हात धरला. गॅस बंद केलाय म्हणून सांगितलं. बरं म्हणाल्या. त्या दिवशी वाट मोकळी मिळाली म्हणून तेवढं तरी झालं, साहेब. नाहीतर पुलावर आम्ही नेहमी अडकतो."

वाट मोकळी होती, हे मला माहीत होतं. तो टोपी घालून जिना उतरून गेला. मी त्याचे आभार मानले की नाही, ते आठवत नाही.


त्याच दिवशी, संध्याकाळी

घरी चालत आलो. लेकीला फोन लावला. तिला वाटलं निकालाचं सांगायला केला. म्हणाली, "किती महिने?" मी म्हटलं, ते सोड, आधी हे ऐक. आणि जसं ऐकलं तसं सगळं सांगितलं. दार, धूर, ओली फरशी. शेवटचं वाक्य सांगताना माझा आवाज आपोआप तिच्या आईसारखा झाला, म्हणजे तिची आई माझा काढायची तसा.

ती हसली. एकदम, मोठ्याने, शाळेत असताना हसायची तशी. म्हणाली, "मरता मरता फरशी. बाबा, फरशी." मीही हसलो. पोटात दुखेपर्यंत हसलो. मग तिचं हसणं बदललं आणि पाठोपाठ माझंही बदललं. जानेवारीपासून पहिल्यांदाच. मी गळ्यातला पंचा तोंडावर धरला, मग कशाला धरायचा म्हणून सोडून दिला.

कोणीच फोन ठेवला नाही. खूप वेळ. तिच्याकडे कुकरची शिटी झाली, मग दुसरी झाली, तिसरी झाली.

मी म्हटलं, "गॅस बंद कर."

ती म्हणाली, "करते." पण उठल्याचा आवाज आला नाही. मी पुन्हा म्हटलं, "बंद कर गं. जपून जा."